भोसरीचे बिनव्याजी सावकार

लहान धंद्यांना बिनतारण कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेला एप्रिल 2025 मध्ये दहा वर्षे झाली आणि ठरलेला वाद ठरलेल्या पद्धतीने रंगला. एका बाजूने आकडा आला: 52 कोटींहून अधिक कर्जे, 32 लाख कोटींहून अधिक मंजूर रक्कम. दुसऱ्या बाजूने लगेच भागाकार करून दाखवला: म्हणजे एका कर्जामागे साठ-बासष्ट हजार, एवढ्यात कोण कारखाना काढतो? मग ‘पकोडे तळणे हाही रोजगारच’ हा 2018 सालचा वाद पुन्हा एकदा तळून झाला, बुडीत कर्जांचा विषय निघाला, कोणीतरी जर्मनीतल्या लहान उद्योगांचे नाव घेतले आणि चर्चा आटोपली. लहान उद्योगांचा पतपुरवठा वाढवला की देशाची वाढ होते का, यावर आपण असेच भांडत आलो आहोत. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे एका बाबतीत मात्र एकमत आहे. लहान उद्योजक म्हणजे बँकेच्या दारात हात पसरून उभा असलेला माणूस, हे दोघांनीही धरून चालले आहे. त्याला द्यायचे का, किती द्यायचे आणि तारणाशिवाय द्यायचे का, एवढाच काय तो मतभेद.

माझे म्हणणे असे की हा माणूस आधी सावकार आहे आणि मग कर्जदार. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतला शेडवाला आज माल पोहोचवतो आणि तीन-चार महिन्यांनी पैसे पाहतो. मधल्या काळात तो आपल्यापेक्षा शेकडो पट मोठ्या कंपनीला बिनव्याजी आणि बिनतारणी उधार देत असतो. ते देणे परवडावे म्हणून तो स्वतः व्याजाने पैसे उचलतो. तेव्हा लघुउद्योगांच्या वित्तपुरवठ्यात आज सर्वांत मोठी सुधारणा कोणती, तर त्यांचे बिल वेळेवर चुकते होणे. नव्या कर्जयोजना त्यानंतर. आणि हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, देशाच्या वाढीच्या वेगाचाही आहे.

हिशेबापुरते धरू, वर्षाला दोन कोटींची विक्री असलेला एक सुट्या भागांचा कारखाना आहे. बिल 120 दिवसांनी निघत असेल तर कुठल्याही दिवशी त्याचे 65-66 लाख बाहेर अडकलेले असतात. तेच बिल 45 दिवसांत निघाले तर 25 लाखांच्या आसपास. फरक 41 लाखांचा. बारा टक्के दराने त्यावर वर्षाचे व्याज होते जवळपास पाच लाख. विक्रीवर आठ टक्के नफा धरला तर तो सोळा लाख. म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या उधारीचे व्याज भरण्यात जातो. काटेकोर हिशेबनीस म्हणेल की अडकलेल्या रकमेत नफाही असतो, व्याज फक्त खर्चाच्या भागावर धरा. धरा. चित्र फारसे बदलत नाही. आणि ते 41 लाख म्हणजे काय? धातूचे भाग संगणकाच्या हुकमाने कातणारे एक चांगले नवे व्हीएमसी मशीन. ते आले की दोन ऑपरेटर आणि एक क्वालिटीचा मुलगा लागतो, रिजेक्शन कमी होते, पुढच्या दर्जाचे काम मागता येते. अर्थशास्त्री ज्याला उत्पादकतेची वाढ म्हणतात ती वसाहतीत अशीच, एकेका मशीनने येते. किंवा येत नाही.

यात आणखी दोन गाठी आहेत आणि कर्जयोजनांच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. पहिली जीएसटीची. बिल फाडले की कर देय झाला. मासिक रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत तो भरावाच लागतो, समोरून पैसे आले असोत वा नसोत. खरेदीदार कंपनी मात्र त्या कराची वजावट आपल्या करातून लगेच घेऊन टाकते. पुरवठादाराला पैसे न देता ती 180 दिवस निवांत बसू शकते, त्यानंतर कुठे घेतलेली वजावट परत करायची वेळ येते. जो कर आपल्याला मिळालेलाच नाही तो भरण्यासाठी लहान कारखानदार कर्ज काढतो, हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे. दुसरी गाठ बँकेची. सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेतून उचलता येणाऱ्या रकमेची मर्यादा, मंजूर असते पन्नास लाखांची, पण प्रत्यक्षात किती उचलता येईल हे महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघणाऱ्या ड्रॉइंग पॉवरवर ठरते. त्या हिशेबात बहुतेक बँका 90 दिवसांहून जुनी येणी धरतच नाहीत. कंपनीने पैसे थकवले की नेमक्या त्याच महिन्यात बँकेतले हात बांधले जातात. मग उरते काय? पतसंस्था, भिशी, नाहीतर बाजारातला ‘दोन टक्क्यांचा’ पैसा. हे दोन टक्के महिन्याचे असतात.

आता हे देशाच्या पातळीवर पाहा. मोठी कंपनी आठ-नऊ टक्क्यांनी, कधी त्याहूनही स्वस्तात पैसा उभा करू शकते. तिचा पुरवठादार बारा-चौदा टक्के भरतो, त्याच्या खालचा चोवीस. माल तोच आणि तो विकला जाईपर्यंत लागणारे खेळते भांडवलही तेवढेच, पण ते उभे करण्याची जबाबदारी साखळीत ज्याला पैसा सर्वांत महाग पडतो त्याच्या गळ्यात. याहून उधळ्या अर्थव्यवस्थेची कल्पना करता येईल का? देशाच्या सकल मूल्यवर्धनात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे तीस टक्के सांगितला जातो, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार त्यांत अकरा कोटी माणसे कामाला होती. तोटा याच क्षेत्राच्या माथी मारून आपण त्याच्याकडूनच रोजगाराची अपेक्षा करतो.

विरोधी बाजूकडे जोरकस मुद्दे नाहीत असे नाही. पहिला मुद्दा असा की पैशाची चणचण खरीच आहे, ती फक्त थकीत बिलांची नाही, आणि कर्ज वाढवल्याने उद्योग वाढतात याचा पुरावाही आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी भारतातल्याच एका धोरणबदलाचा अभ्यास केला होता. 1998 मध्ये अग्रक्रम क्षेत्रासाठी, म्हणजे बँकांनी ठरावीक कर्ज द्यायलाच हवे अशा गटासाठी, पात्र कारखान्यांची गुंतवणुकीची मर्यादा 65 लाखांवरून तीन कोटींवर नेली गेली. नव्याने पात्र झालेल्या कारखान्यांना जादा कर्ज मिळाले आणि त्यांची विक्री व नफा दोन्ही वाढले. स्वस्त कर्ज घेऊन जुने महाग कर्ज फेडले, एवढ्यावर ते थांबले नाहीत. हे मला मान्य आहे, किंबहुना ते माझ्याच बाजूचे आहे. जादा पैसा मिळताच जो कारखाना वाढतो, त्याच्याकडे काम होते, कौशल्य होते, अडले होते ते भांडवलापायी. मग त्याचा स्वतःचा, कमावलेला पैसा त्याच्या हातात दिला तर तो वाढणार नाही का? त्या पैशाला ना व्याज, ना तारण, ना सिबिल. बुडण्याचा धोका बँकेलाही नाही. याच्या उलट अगदी छोट्या कर्जांबद्दलचे चित्र फार थंड आहे. हैदराबादच्या वस्त्यांसह वेगवेगळ्या देशांत झालेल्या सहा प्रयोगांचे निष्कर्ष 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सूक्ष्म कर्जाने काहींना आधार मिळतो, पण सरासरीने उत्पन्नात क्रांती होत नाही, असा त्यांचा सूर होता. मुद्राच्या शिशु गटाकडून, म्हणजे तिच्या सर्वांत छोट्या कर्जांकडून, राष्ट्रीय उत्पन्नाला उसळी मिळण्याची अपेक्षा ठेवणारे आणि ती मिळाली नाही म्हणून योजनेलाच नावे ठेवणारे, दोघेही तिच्याकडे चुकीच्या गोष्टीचा हिशेब मागत आहेत.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे: लहान उद्योगांना इतके कुरवाळायचे कशाला? 2018-19 च्या आर्थिक पाहणीने दाखवून दिले की संघटित कारखानदारीत दहा वर्षांहून जुने आणि तरीही शंभरपेक्षा कमी कामगारांचे कारखाने संख्येने निम्मे आहेत, पण रोजगारात त्यांचा वाटा 14 टक्के आणि मूल्यवर्धनात आठ टक्क्यांहूनही कमी. पाहणीने त्यांना सरळ ‘खुजे’ म्हटले. इतिहासही या बाजूला साक्ष देतो. 1967 मध्ये 47 वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या, ती यादी पुढे आठशेच्या वर गेली, आणि शेवटच्या वीस वस्तू यादीतून निघायला एप्रिल 2015 उजाडावे लागले. त्या अर्धशतकात लहान राहण्याचेच बक्षीस मिळत होते, त्यामुळे लोक लहान राहिले. एकाच छपराखाली भावाच्या, बायकोच्या आणि मेहुण्याच्या नावावर तीन फर्म कशा निघतात हे ज्याने वसाहतीत पाहिले आहे तो ही टीका हसण्यावारी नेणार नाही.

पण खुजेपणाचे सगळे खापर सवलतींवर फोडणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे झाले. वाढायचे तर आपल्या पैशासाठी कोणीतरी थांबावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारला तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, भांडवलालाही हातभार लावला. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज होता, माल खपायला वेळ लागत असे, आणि अशा धंद्यात तो पैसा थांबायला तयार होता. आज आपण हे नाते उलटे केले आहे. थांबायचे काम लहानाकडे आणि थांबवायची सोय मोठ्याकडे. वाढ म्हणजे ऑर्डर वाढणे, आणि ऑर्डर दुप्पट झाली की अडकणारा पैसाही दुप्पट होतो. म्हणून शहाणा शेडवाला मोठी ऑर्डर चक्क नाकारतो. पाहणीच्या तक्त्यात तो खुजा दिसतो. वास्तविक तो सावध असतो.

महाराष्ट्राने असाच एक वाद दीडशे वर्षांपूर्वीही चुकीच्या जागी घातला होता. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगे पसरत गेले. सरकारने आयोग नेमला, चर्चा झाली ती सावकाराच्या लबाडीची आणि कुणब्याच्या उधळेपणाची. 1879 मध्ये कायदा आला तोही सावकाराच्या दाव्यांना लगाम घालणारा. पुण्याची सार्वजनिक सभा मात्र आधीपासून दुसरीकडे बोट दाखवत होती. नव्या मोजणीत सारा वाढला आहे, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेले कापसाचे भाव केव्हाच उतरले आहेत, आणि तरीही सारा रोखीत, ठरल्या तारखेला भरावाच लागतो. शेतकरी सावकाराकडे जात होता तो बहुतेकदा सरकारची तारीख पाळायला. 1879 च्या कायद्याने त्या तारखेला हात लावला नाही. 1882 मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना मांडली, तीही लंडनने नामंजूर केली. आज वीस तारखेच्या जीएसटीसाठी दोन टक्क्यांचा पैसा उचलणारा कारखानदार पाहिला की प्रश्न पडतो, आपण काही शिकलो का?

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या पुस्तकातला. उधारी हा व्यापाराचाच भाग आहे. पैसे राखून ठेवले म्हणजे मालाच्या दर्जाची हमी राहते, आणि उशिराची किंमत पुरवठादार दरात धरतोच. दर्जाची हमी पंधरा दिवसांत तपासून होते, त्यासाठी चार महिने लागत नाहीत. आणि दरात धरायला दर ठरवण्याची ताकद लागते. ज्याचा सत्तर-ऐंशी टक्के माल एकाच कंपनीला जातो आणि जिथून दरवर्षी ‘कॉस्ट डाऊन’चे पत्र येते, तो दरात काय धरणार? इथे अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे. 2011 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने लहान कंत्राटदारांची देणी तीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांत भागवायला सुरुवात केली. जीन-नोएल बारो आणि रमणा नंदा या अभ्यासकांनी तपासले तेव्हा लवकर मिळालेल्या दर डॉलरमागे या उद्योगांचा पगारखर्च सुमारे दहा सेंटने वाढलेला आढळला, आणि त्यात नव्या भरतीचा वाटा मोठा होता. सरकारचा खर्च वाढला नव्हता, फक्त तारीख अलीकडे आली होती. त्याच अभ्यासात असेही दिसले की जिथे बेरोजगारी कमी होती तिथे ही भरती इतर उद्योगांच्या भरतीला मागे ढकलून झाली. पण आपल्याकडे काम मागणाऱ्या हातांची टंचाई आहे, असे कोण म्हणेल?

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो इचलकरंजी-भिवंडीत जाऊन ऐकावा. कायदा आहेच की. 2006 चा कायदा म्हणतो की करार झाला असला तरी 45 दिवसांपलीकडे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठेवता येणार नाहीत. ठेवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढ व्याज. माल पोहोचल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असे धरायचे. निकालाला आव्हान द्यायचे तर 75 टक्के रक्कम आधी भरायची. यापेक्षा कडक कायदा कुठला असणार! आणि तरीही पैसे थकतातच, कारण तक्रार करायची लहानाने. तक्रार केली की निकाल यायच्या आधी पुढची ऑर्डर जाते. मग 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराची काठी काढली. 43बी-एच या पोटकलमानुसार मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही. 2024 च्या मार्चअखेरीस कापड बाजारात काय झाले? काही खरेदीदारांनी ऑर्डरी थांबवल्या, काहींनी नोंदणी नसलेला पुरवठादार शोधला, तर काहींनी ‘उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून केलेली सरकारी नोंद) रद्द करा, मग बोलू’ असा निरोप पाठवला. पेमेंट धारा, म्हणजे पैसे देण्याची रूढ मुदत, साठ-नव्वद दिवसांचा ज्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला, तिथे दुसऱ्याच्या सुतावर पिकामागे (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी घेऊन विणणारा खर्चीवाला यंत्रमागधारक या आदळआपटीत सर्वांत खाली सापडला. ही टीका खरी आहे. संरक्षण विक्रेत्याच्या लहानपणाला चिकटवले की खरेदीदार लहानालाच टाळतो.

पण यातून निष्कर्ष कायदा सोडून देण्याचा निघत नाही. कायद्याचे टोक फिरवण्याचा निघतो. बंधन खरेदीदाराच्या आकारावर हवे. अमुक उलाढालीवरील प्रत्येक कंपनीने प्रत्येक पुरवठादाराचे, लहान असो वा मोठा, नोंदणी असो वा नसो, 45 दिवसांत चुकते करायचे. मग लहानाला टाळून काही वाचणार नाही. ट्रेड्स या बिल वटवण्याच्या व्यवस्थेसाठी 2024 मध्ये 250 कोटींची रेषा आखली गेलीच आहे, तीच इथे लावता येईल. नुसते ट्रेड्स पुरत नाही, कारण तिथेही खरेदीदाराने बिल ‘मान्य’ केल्याशिवाय बँक पैसे देत नाही. आणि तक्रारीची वाट पाहायची नाही. जपानने 1956 मध्येच उपकंत्राटदारांच्या देण्यांचा कायदा केला, आणि पुढे त्यात माल मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आले. तिथला व्यापार आयोग स्वतःहून हजारो उपकंत्राटदारांना प्रश्नावल्या पाठवतो, त्यामुळे चुगली कोणी केली हे कंपनीला कळत नाही. मार्च 2024 मध्ये या आयोगाने निस्सानसारख्या कंपनीला उपकंत्राटदारांच्या देण्यांत सुमारे तीन अब्ज येनची कपात केल्याबद्दल नाव घेऊन फटकारले. जपानी वाहन उद्योग या कायद्याने बुडाला, असे काही ऐकिवात नाही.

आपल्याकडे तर प्रश्नावलीचीही फारशी गरज नाही. पाच कोटींवरच्या उलाढालीला ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे, म्हणजे कोणते बिल कोणत्या तारखेचे हे सरकारी सर्व्हरवर आहे. 45 दिवसांपलीकडची देणी कंपन्यांनी दर सहामाहीला कंपनी व्यवहार मंत्रालयाला कळवायची असतात, ती माहिती 2019 पासून साचते आहे. ती कंपनीवार, सोप्या तक्त्यात जाहीर करायला कायदा बदलावा लागत नाही. जीएसटीबाबतही पूर्वीचा दाखला आहे. सेवाकराच्या काळात 50 लाखांपर्यंतच्या लहान सेवादात्याला पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. हीच मुभा लहान उत्पादकाला द्यावी आणि खरेदीदाराची वजावटही त्याने पैसे दिल्याच्या दिवसापासूनच सुरू करावी. बिल लवकर चुकते करण्याची घाई मग कंपनीच्या लेखा विभागालाच होईल.

राहता राहिले सरकार, जे स्वतःच मोठा थकबाकीदार आहे. महाराष्ट्रात कंत्राटदारांना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरावे लागले ते फार जुने नाही. महापालिका, महामंडळे, सार्वजनिक रुग्णालये यांना माल देणारा कुठलाही पुरवठादार सांगेल की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी येतो का यावर त्याचे वर्ष ठरते. उद्योग विभागाने नवी कर्जयोजना जाहीर करण्याआधी राज्याच्या प्रत्येक खात्याचे बिल मिळाल्यापासून पैसे जाईपर्यंत सरासरी किती दिवस लागतात हा आकडा दर तिमाहीला द्यावा, आणि 45 दिवसांवर गेलेल्या बिलाचे व्याज पुरवठादाराने न मागता त्याच्या खात्यात जमा करावे. वित्त विभाग म्हणेल, तिजोरीत पैसा नाही. नसेल तर तो कर्ज काढू शकतो, आणि राज्य सरकारला कर्ज मिळते ते भोसरीच्या शेडवाल्यापेक्षा कितीतरी स्वस्त दराने.